माझं हक्काचं ऊन

१४ नोव्हेंबर १९९३, रविवार, बोईसर
मासिकात वाचलं. अंगाला ऊन लागलं नाही की डी व्हिटॅमिन कमी पडतं, मग हाडं, बीपी, डायबेटिस सगळं मागे लागतं. म्हणजे माझी शुगर ही माझी चूक नाही. कंपनीच्या एसी कंट्रोल रूममध्ये ऊन कुठलं? उद्यापासून ऊन. गोडाचं नंतर बघू.

१५ नोव्हेंबर
सेकंड शिफ्ट, सकाळ मोकळी. गॅलरीत ऊन एका खुर्चीपुरतंच येतं. हंसाचे वाळत घातलेले कपडे आत हलवले. तिने आत दोरी बांधली. बायको समजूतदार आहे.

२१ नोव्हेंबर
हंसाची कंबर दुखते, तिलाही ऊन हवंय म्हणे. समजावलं. सातपाटीची पोर, लग्नापर्यंत आईबरोबर उन्हात बोंबील वाळवले. तिच्या अंगात ऊन मुरलंय, लोणच्यासारखं. जन्मभर पुरेल. लग्नानंतरही दर थंडीत माहेरी बोंबील वाळवायला जायची, ते मीच बंद केलं. येताना कपड्यांना वास. वरच्या मजल्यावर साहेब राहतात.

५ डिसेंबर
उत्साह वाटतो. जिलबी खाल्ली. उन्हामुळे पचते.

१२ डिसेंबर, सकाळी
हंसा जिन्यात बसली, पाय उचलेना. शेजारच्या चंद्रकांतावहिनींनी धरून वर आणलं. मी उन्हात होतो. मध्येच उठलं की कोर्स तुटतो. उद्या पालघरला डॉक्टर. माझं दाखवायचंच आहे, तिचंही बघतील.

२० डिसेंबर
रिपोर्ट आले. माझं डी व्हिटॅमिन उत्तम. शुगर भडकलेली. डॉक्टरांनी गोडाचं विचारलं, मी नाही म्हणालो, हंसाने जिलबी सांगितली. सख्खी बायको! डी व्हिटॅमिन कमी आहे ते हिचं, हाडं मऊ पडलीत. ऊन असं वर्षानुवर्षं मुरत नाही, डॉक्टर म्हणाले. मग तिने बोंबलांचंही सांगितलं. डॉक्टरांनी औषधाच्या पुड्या दिल्या आणि माहेरी जा म्हणाले. मासिकाने दगा दिला, उन्हाने दिला, घरच्यांनी दिला. विश्वास कुणावर ठेवायचा?

९ जानेवारी १९९४, रविवार
घर खायला उठतं. तिला आणायला सातपाटीला गेलो. किनाऱ्यावर बांबूंना बोंबील अडकवत होती. चाल अजून हळू, पण कुणाचा हात न धरता. घरी चल म्हणालो. बोंबील संपू देत, म्हणाली. समोर बोंबलांना अंत नव्हता.

मग मीही तिच्या शेजारी उन्हात उभा राहिलो. सासूबाई टोपली ठेवून म्हणाल्या, "जावयबापू, तुमी सावलीत बसा. तुमच्या अंगात मुरलेलं हाय."

म्हणजे हंसाने तेही सांगितलंय.

सावलीत बसलो. चहा आला. बिनसाखरेचा.