भिंगारच्या गोधड्या आणि वखारीतलं स्टूल

नगर,
पौष, शके १८७०

तीर्थरूप मामांच्या पायांवर (आमवात अजून उतरला नसेल तर पायांपासून वीतभर अंतर राखून) भाचा मार्तंडचा साष्टांग नमस्कार.

मामींचा खोकला थांबला का? तांबडी गाय दूध देऊ लागली का? इकडे तुमची भाचेसून सुनीती खुशाल आहे, आणि माझं तर विचारूच नका. माझी नोकरी गेली तर हिशेब लिहायला बसवण्यासाठी सुप्याच्या वखारीत जे स्टूल तुम्ही झाडून ठेवलं आहे ते बेलाशक दुसऱ्या कुणाला द्या. आमच्या कॉलेजचं कलादालन वाचलं!

दिवाळीनंतर प्रिन्सिपॉलसाहेबांनी बजावलं होतं की संक्रांतीपर्यंत दालनात माणूस फिरकला नाही, तर चित्रं गुंडाळून तिथे बॅडमिंटनचं सामान ठेवायचं (आणि चित्रांबरोबर मलाही गुंडाळायचं). तोवर नेमाने येणारी एक मांजर तेवढी होती, तीही खिडकीतल्या उन्हासाठी. मी म्हटलं, गाव चित्रांकडे येत नसेल तर गावाचीच कला भिंतीवर लावू. भिंगारला घरोघर हिंडून बायकांनी शिवलेल्या गोधड्या मागून आणल्या. काय ते टाके, काय ती ठिगळं! छबूबाईच्या गोधडीत तर जुनं लुगडं, नवऱ्याचा फेटा आणि परत गेलेल्या कुणा गोऱ्या शिपायाचा पायजमा गुण्यागोविंदाने नांदतात.

आता तुम्ही म्हणाल, ऐन पौषात लोकांच्या गोधड्या मागणारा हा शहाणा कोण? छबूबाईनेही तेच विचारलं. पहिल्याच संध्याकाळी ती बायकांचा ताफा घेऊन दारात उभी. "मास्तर, भिंतीला काय थंडी वाजती व्हय? पोरं कुडकुडत्यात आमची. काडा खाली समद्या!" मी पुष्कळ गयावया केली, तेव्हा कुठे तह झाला: सकाळी गोधड्या आणून टांगायच्या, संध्याकाळी पांघरायला घेऊन जायच्या.

इथेच माझं नशीब उघडलं. गोधडी टांगायला येणारी बाई एकटी थोडीच येते! सासू, जाऊ, शेजारीण, पोरंटोरं, सगळा लवाजमा. कुणाची गोधडी दर्शनी लागली आणि कुणाची कोपऱ्यात, यावरून रोज भांडण, आणि ते भांडण पाहायला निम्मा बाजार. सकाळी हे, संध्याकाळी पुन्हा हेच. बाजारातली बनुबाई तर दालनाच्या पायरीवर शेंगा विकायला बसू लागली. मामा, याहून मोठं यश कोणतं!

मग पुण्याहून एक कलातज्ज्ञ पाहुणे आले आणि छबूबाईच्या गोधडीपुढे थबकले. मधोमध एक पिवळसर ओला आकार पसरला होता. त्याच्या धाडसाबद्दल ते बराच वेळ बोलले, आणि कलावंत कोण म्हणून विचारलं. छबूबाई पुढे होऊन म्हणाली, "नातू हाय माजा. अजून रांगतोय. रोज नवं काडतो." पाहुणे हसून हसून खाली बसले. जाताना मात्र साहेबांना म्हणाले, असं नांदतं दालन मी कुठे पाहिलं नाही, हा ठेवा अमोल आहे. साहेबांनी सगळ्यांदेखत माझी पाठ थोपटली, बॅडमिंटनची जाळी जिमखान्यात परत गेली, आणि मला, खरं सांगतो, रडू फुटलं. ज्यांना तुम्ही जन्मभर रेघोट्या म्हणालात, त्या रेघोट्यांवर तुमचा भाचा आज ताठ उभा आहे.

मामींना नमस्कार सांगावा आणि पत्र चार लोकांत मोठ्याने वाचावं.

आपला विजयी भाचा,
मार्तंड

ता. क. ठेवा अमोल ठरल्यामुळे साहेबांनी आज दालनाला मोठं कुलूप आणलं. यापुढे गोधड्या रात्रीही आतच राहतील.

आणखी ता. क. हे कळताच छबूबाई ताफा घेऊन थेट आमच्या घरी आली. सुनीतीने आमच्या दुलया, घोंगडी, माझी शालसुद्धा वाटून टाकली. (मला म्हणाली, तुम्ही आता विजय पांघरा.) तरी वखारीतली रिकामी गोणपाटं उद्याच्या मोटारीने अवश्य पाठवावीत. फक्त वरून चादरीत नीट बांधून पाठवा. साहेबांच्या नजरेस पडली, तर तीही भिंतीवर जातील.