बाबांचे बिटकॉइन आजच हलव

दादा,

बूटही न काढता हे वाच. बाबांच्या बिटकॉइनच्या चोवीस शब्दांचा तू फोटो काढलास, आणि तोच फोन काल दुरुस्तीला दिलास, असं वहिनी आज बोलता बोलता म्हणाली. ते शब्द ज्याच्या हाती, बिटकॉइन त्याचे. आईला पुढच्या दिवसांचा तेवढाच आधार आहे.

बिटकॉइन ठेवायचं नवं यंत्र टेबलावर तयार आहे, त्याचा पिन आईला ठाऊक आहे. जुन्याचा पिन तू कधी बदललास कोण जाणे, मी दोनदा चुकले. तिसऱ्यांदा चुकलं की ते सगळं पुसून टाकतं, आणि ते परत मिळवायला लागणारा शब्दांचा कागद तुझ्या कुलपात आहे. म्हणून हात आखडता घेतला.

आधी जुन्यावरून नव्यावर चिमूटभरच पाठव, शितावरून भाताची परीक्षा. पाठवायचा पत्ता दोन्ही यंत्रांवर अक्षर न् अक्षर जुळव. ते पोचलं की मगच बाकीचं. नवे शब्द आईच्या शिवणाच्या डब्यात आहेत. हात जोडते, त्यांचा फोटो नको.

पिन का बदललास ते सवडीने सांग, नाही सांगितलंस तरी मी रुसणार नाही. सगळं पोचलं की मात्र वहिनीच्या फोनवरून लगेच कळव. मी ड्यूटीला निघाले; वॉर्डात नाडी दुसऱ्याची मोजेन, जीव खिशातल्या फोनपाशी असेल.

छोटी