फोकसपुरती टिकली

आई, काल तुझ्या नातीने माळ्यावरचे जुने फोटो पलंगावर पसरले आणि मला विचारलं, "यात आजी कुठाय गं?" मी म्हटलं, सगळ्यांत आहे, शोध. तू गेल्यावर दोन वर्षांनी जन्मलेली पोर ती, तिने तुला पाहिलेलंच नाही. बसली शोधत. शेवटी वैतागून म्हणाली, "ही तळमजल्यावरची मावशी, ही तिची बहीण, ही कोण ती नऊवारीवाली. आजी नाहीच आहे!" मग मी बोट ठेवून दाखवलं. प्रत्येक पोरीच्या खांद्यामागे एक करडा-पांढरा डाग आहे ना, ती आजी. तिला वाटलं होतं फोटोंना बुरशी लागलीय! मी इतकी हसले की हातातला चहा चादरीवर सांडला. चादर धुवायला टाकली आणि तुला हे सांगितल्याशिवाय राहवेना, म्हणून लिहायला बसले.

ती लांब नळीची लेन्स आठवते तुला? आठवणारच, तू तिच्यावर कमी तोंडसुख घेतलंस का! मी नुकतीच अंबरनाथच्या कंपनीत लॅबमध्ये लागले होते. ऑफिसातल्या एका साहेबांनी आपला जुना कॅमेरा विकायला काढला आणि मी तो घेतला. पण माझं तेवढ्यावर भागेना. मला माणसाचा चेहरा लख्ख आणि मागचं सगळं विरघळलेलं, असे फोटो काढायचे होते, आणि त्याला टेलिफोटो लेन्स लागते हे मी कुठल्याशा मासिकात वाचलं होतं. तू अस्तराचं कापड घ्यायच्या निमित्ताने माझ्याबरोबर उल्हासनगरला आलीस. कॅम्पातल्या त्या सिंधी दुकानदाराने लेन्स मखमलीवर ठेवली आणि म्हणाला, "बेटी, आंख बंद करके ले जा. पीछे का कचरा सब गायब, सिर्फ चेहरा रहेगा." तू लगेच, "कचरा गायब करने को इतना बडा नळकांडा कायको? झाडू है ना घर में!" तो बिचारा हसला तो हसतच सुटला. लेन्सबरोबर एक चामड्याची पिशवी त्याने तशीच दिली, "माताजी के लिए" म्हणून. त्या पिशवीत तू पुढे शिलाई मशीनची बॉबिनं ठेवलीस.

घरी आल्यावर कळलं की त्या लेन्सला आपलं घर पुरत नाही. माणूस जवळ असला की तिला दिसायचंच नाही. मागे सरक, मागे सरक, पाठ भिंतीला लागली तरी समोरचा धूसरच. मग मी दार उघडून जिन्यात उभी राहायची आणि माणसाला आत स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसवायची. तू ओरडायचीस, "जेवायला हाक मारली तर उठत नाहीस, आणि फोटोसाठी शेजाऱ्यांच्या दारात उभी! लोक काय म्हणतील?" लोक काही म्हणाले नाहीत. लोक रांगा लावून आले. कारण बिल्डिंगमधल्या पोरींना स्थळांना दाखवायचे फोटो हवे होते, आणि स्टुडिओतल्या त्या रंगवलेल्या पडद्यापुढे, कोपर टेबलावर टेकवून, बाजूला प्लास्टिकची फुलं, असा फोटो त्यांना नको होता.

मग आपण गच्चीवर गेलो. आपणच म्हणते मी, कारण तुझ्याशिवाय ते जमलं नसतं. पोरींना साड्या तू नेसवायचीस, पिना तोंडात धरून. ब्लाउज खांद्यावर सैल पडला तर तिथल्या तिथे टाका घालायचीस. मी कठड्यापासून लांब पोरीला उभी करायची, स्वतः पार दुसऱ्या टोकाला जायची, लेन्सचं तोंड पूर्ण उघडायची. मागच्या पाण्याच्या टाक्या, अँटेना, वाळत घातलेले लेंगे, सगळं मऊ होऊन जायचं. फक्त मान जरा कलली तरी नाक स्पष्ट आणि डोळे गेले, असं व्हायचं, त्यामुळे फोकस अगदी नेमका लावावा लागायचा. कॅमेऱ्यात मधोमध एक लहानसा गोल होता. त्यात चित्र दोन तुकड्यांत दिसायचं, वरचा अर्धा इकडे, खालचा तिकडे. मी पोरीच्या टिकलीवर गोल धरायची. अर्धी टिकली डावीकडे, अर्धी उजवीकडे. लेन्सची कडी फिरवत फिरवत दोन्ही अर्ध्या जुळल्या, टिकली पूर्ण गोल झाली, की मग जरासं खाली डोळ्यांवर यायचं, तिथेही ठीक आहे ना बघायचं आणि खटका. आणि तू? मी कॅमेरा उचलला रे उचलला की तू घाईघाईने बाजूला व्हायचीस, माझ्या मध्ये नको म्हणून. पण लांब लेन्स मागचं सगळं जवळ ओढते, आई. तुला वाटायचं तू चौकटीबाहेर गेलीस, आणि तू बरोब्बर पोरीच्या खांद्यामागे यायचीस. धूसर. प्रत्येक वेळी.

बाबा गेले तेव्हा मी पहिलीत होते. तेव्हापासून तुझं कपाळ मोकळं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला अख्ख्या बिल्डिंगीतल्या बायका तू शिवलेले ब्लाउज घालून जायच्या आणि तू आपली मशीनवर, दार लोटून. तुझा एक धड फोटो आपल्या घरात नव्हता. लग्नातला एक होता, त्यात मुंडावळ्यांनी तुझं तोंड झाकलंय. मी जगाचे फोटो काढत होते आणि माझ्याच आईचा फोटो नाही, याचा मला मनापासून राग यायचा. एकदा तू भाकरी थापत होतीस, खिडकीतून काय सुंदर उजेड पडला होता तुझ्या गालावर! मी जिन्यातून नुसती लेन्स वळवली तर तू झाकण आपटलंस. "माझा काढायचा नाही. सांगून ठेवते. माझ्यात काय बघण्यासारखं आहे?" मी तशीच उलट बोलले, "ते मी ठरवीन ना!" दोन दिवस आपण कामापुरतं बोललो. ते दोन दिवस फार वाईट गेले, आमटीही खारट झाली होती.

आणि मग चामटोली, मामाचं गाव. मामाने निरोप पाठवला होता, वालाच्या शेंगा तयार आहेत, घेऊन जा. थंडीची सकाळ. तू शेंगा खुडून दमलीस आणि बांधावर उभी राहिलीस, कमरेवर हात ठेवून. तुझ्यामागे लांबपर्यंत मोकळं शेत, त्यापलीकडे डोंगर. मला वाटतं, अख्ख्या बदलापूर-अंबरनाथात तुझ्यासाठी याहून चांगली पार्श्वभूमी नव्हती. मी पिशवीतून कॅमेरा काढला. तू म्हणालीस, "सुरू झालं हिचं." मी चिडून म्हणाले, "तसंही तुझा फोटो निघणार नाही. मी सगळ्यांच्या टिकलीवर फोकस करते. तुझ्या कपाळावर काहीच नाही. मी फोकस करू कशावर?"

बोलले आणि जीभ चावली. असं कुणी आईला बोलतं का? तू माझ्याकडे बघितलंस. मग इकडे बघितलंस, तिकडे बघितलंस. मामा लांब बैलांपाशी होता, बाकी चिटपाखरू नव्हतं. आणि तू, माझी दार लोटून बसणारी आई, अगदी सहज म्हणालीस, "मग लाव की." मला ऐकून कळेचना. "लाव म्हणते ना. फोकसपुरती हं. नंतर काढायची." जवळ टिकलीचं पाकीट कुठलं असायला! मी माझ्याच कपाळावरची मरून टिकली काढली, नखाने, आणि तुझ्या कपाळावर लावली. तुझं कपाळ उन्हाने गरम झालं होतं. टिकली जरा वाकडी बसली तर तू म्हणालीस, "नीट लाव, मेली. लावायची तर नीट लाव." मग मी पळत मागे गेले, गोल तुझ्या टिकलीवर धरला, कडी फिरवली आणि खटका दाबला.

मामा तेवढ्यात आला. त्याने तुला बघितलं, डोक्याचं फडकं सोडलं, परत बांधलं. म्हणाला, "आता कशी दिसतंय आमची ताय!" आणि बैलांकडे निघून गेला. मला त्या मामाच्या पाया पडावंसं वाटलं. तू मात्र भलतीच खुशीत आलीस. "दे बघू ते नळकांडं. मी तुझा काढते." मी कॅमेरा तुझ्या गळ्यात अडकवला, कडी कशी फिरवायची ते दाखवलं आणि बांधावर जाऊन उभी राहिले. तू ओरडून विचारलंस, "फोकस कशावर करू गं?" मी ओरडले, "डोळ्यांवर कर! पापण्या दिसतील बघ, त्या जुळव!" तू म्हणालीस, "बरं." सुई ओवताना मिटतेस तसा एक डोळा मिटलास, श्वास धरलास आणि खटका वाजला. माझं कपाळ तेव्हा कोरं होतं, आई. टिकली तुझ्याकडे होती. मी काय बोलून बसले ते मला संध्याकाळपर्यंत कळलं नाही.

टिकली काढायची आपण दोघी विसरलो. शेंगांची पिशवी दोन बाजूंनी धरून जिना चढतोय तर समोर शेजारच्या काकू. त्यांची नजर तुझ्या कपाळावर गेली आणि तिथेच राहिली. तुझा हात कपाळाकडे गेला, टिकलीला लागला, आणि काय वाटलं तुला कोण जाणे, तू तो खाली घेतलास. "फोटोसाठी लावलीय," तू म्हणालीस. "हिचं मशीनच तसलं आहे. कपाळावर काही नसलं की फोकस लागत नाही." काकू म्हणाल्या, "हो का? अगंबाई." दुसऱ्या दिवशी टिकली तिथेच. काकूंनी विचारलं, "अजून काढली नाहीस ती?" तू पाण्याची कळशी भरता भरता म्हणालीस, "रोल संपायचाय अजून." मी आत तोंडात पदर कोंबून हसत होते.

फोटो धुऊन आले. तू काढलेला माझा फोटो म्हणजे काय सांगू, पापणी न् पापणी मोजून घ्यावी असा! मागचं शेत लोण्यासारखं मऊ. आणि माझ्या कपाळावर काही नाही. मी काढलेला तुझा फोटो मात्र किंचित हुकला होता. कान स्पष्ट, कानावरचे पांढरे केस स्पष्ट, टिकली आणि डोळे थोडे गेलेले. मी म्हणाले, "तू हललीस." तू म्हणालीस, "हलले असेन, बाई." दोन्ही फोटो तू शेजारी शेजारी ठेवलेस आणि बराच वेळ बघत राहिलीस. टिकलीशिवाय फोकस लागतो हे तुझ्यासमोर पडलं होतं, तूच तो लावला होतास. आता ही टिकली काढणार, असं मला वाटलं. तू एवढंच म्हणालीस, "छान आलेत." सकाळी आंघोळ करून आलीस ती टिकली लावूनच, आणि ती माझ्या पाकिटातली नव्हती. तू स्वतः जाऊन आणली होतीस.

दहा वर्षं तुझा रोल संपला नाही. माझ्या लग्नात पुढे उभी राहिलीस, नव्या टिकलीत. कुणी विचारलंच तर तेच उत्तर, न हसता. पुढेपुढे कुणी विचारेना. तू गेलीस त्या दिवशी बायका तुला आंघोळ घालत होत्या, कुणीतरी म्हणालं, कपाळाचं ते काढा आता. काकू दाराशी बसल्या होत्या, गुडघे धरून. तिथून म्हणाल्या, "हात लावू नका त्याला. रोल संपायचाय तिचा." मी त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून रडले, आणि रडता रडता मला हसू आलं, आणि त्यांनाही.

तुझी नात आता फोनवर एका बोटाने मागचं सगळं धूसर करते. कधी कधी त्यात माणसाचा कानही जातो, पण तिला चालतं. काल तिने माझ्या कपाटातला चामटोलीचा तुझा फोटो हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला आणि म्हणाली, "आजी मस्तच आहे गं! पण हा जरा हुकलाय का?" इतकी वर्षं सगळ्यांना सांगते तेच मी तिलाही सांगितलं, आजी हलली होती. ती फोटो घेऊन गेली, आणि तेव्हापासून मला चैन नाही. हे पत्र मी टाकणार कुठे, बॉबिनांच्या त्या पिशवीतच ठेवीन. तू हलली नव्हतीस, आई. तू बांधावर खांबासारखी स्थिर उभी होतीस. गोलात टिकलीच्या दोन अर्ध्या एकमेकींकडे सरकत होत्या, आणि त्या जुळायच्या आधीच माझे डोळे भरून आले. पुढचं मला काही दिसलं नाही.