विहिरीवरची हडळ

माय,

भुताचे जुने सिनेमे आवडणाऱ्यांचा फोनवर एक ग्रुप आहे, त्यात मी आहे. हसशील तर हस. कोणी परतवाड्याचं, कोणी तिवशाचं; एकमेकांचं तोंड पाहिलेलं नाही, पण कोणत्या सिनेमातली हडळ खरी भयंकर यावर रोज कचाकचा भांडतो. तू गेल्यापासून अमरावतीच्या या दोन खोल्यांत मी एकटीच असते. दिवसभरात माझ्याशी बोलतात ते हेच लोक.

परवा त्या विहिरीच्या सिनेमाचा विषय निघाला. मी ठासून लिहिलं, हडळ विहिरीच्या काठावर बसून केस विंचरते, पायात जोडवी असतात, आणि पोराला भाकर खायला बोलावते, त्या सीनची सर कशालाच नाही. परतवाड्याच्या मास्तरांनी लगेच टोकलं, "ताई, अशी हडळ त्यात हायेच नाही. तुमी सिनेमा पाह्यला, का उगाच फेकून राह्यल्या?" त्यावर सगळे हसले. माझं डोकंच फिरलं. माझ्या मायनं सांगितलेलं खोटं पाडणारा हा कोण टिकोजीराव!

मला अजून दिसतं, मी लहान आहे, अकोल्याच्या बाजारात मेथी-पालक विकून आपण दुपारच्या खेळाला बसलोय. रिकामी पाटी तुझ्या पायाशी. पडद्यावर भीतीचं संगीत वाजायला लागलं, की तुझा तळवा माझ्या डोळ्यांवर. "डोये मीट. मी पाह्यतो अन् तुले सांगतो." मग कानाशी तुझं सुरू, "आता केस इचरून राह्यली पाह्य... जोडवे हायेत वं तिच्या पायात." मी मजेत फुटाणे खातेय.

आज दुपारी तो सिनेमा फोनवर सापडला. विहिरीवर कोणी नाही गं. बादली हलते, कुत्रं रडतं, संपलं. तीनदा पाहिलं, तेव्हा डोक्यात उजेड पडला. तुझेही डोळे मिटलेले होते, मनानंच रचून सांगत होतीस! एवढी भीत होतीस, तरी माझ्या हट्टापायी दर वेळी आलीस, आणि मला कळू दिलं नाहीस. मी एकदाही तुझा हात धरला नाही. याचं फार वाईट वाटलं, माय. खूप रडले.

मग मास्तरांना लिहिलं, "चूक माझीच, नीट आठवलं नाही." तुझं नाव काढलं नाही. ते परत हसले, तेही गिळलं. तुझी पोर एरवी असलं ऐकून घेणारी नाही. ग्रुप सोडायला बोट गेलंही होतं, पण सोडला नाही. मग बोलू कोणाशी?