तीन अँटीव्हायरस आणि तुझी आई

बुद्धभूषण,

कॉम्प्युटर चोरीला गेलेला नाही. त्याचा डबा ऑटोत घालून हिमायतनगरच्या दुरुस्तीवाल्याकडे नेतोय. तुझा प्रोजेक्ट काही करून वाचवा, असं त्याला सांगेन.

मासिकाच्या सीडीवर तीन फुकटचे अँटीव्हायरस आहेत, त्यांतला एकच टाका, असं तू मला बजावलं होतंस. कुठला, ते मला ठरवता येईना. पुन्हा तुला विचारायची लाज वाटली, कारण ऑफिसात मी कॉम्प्युटर शिकलो म्हणून सांगत फिरतो. शेवटी तिन्ही टाकले. व्हायरस एकाच्या नजरेतून सुटला तर दुसरा पकडेल, असं वाटलं. मशीन जागच्या जागी अडकलं. घाबरून मी मेन स्विच बंद केला, तेव्हापासून ते सुरूच होत नाही.

काल तू विचारलंस तेव्हा मी म्हणालो, झाडताना वायर ओढली गेली असेल. म्हणजे तुझ्या आईवर ढकललं. तू तिच्यावर ओरडलास, "किती बार बोललो, हात लावू नक्को!" मी पेपरमधून डोकं वर काढलं नाही. ती एकदा माझ्याकडे बघून म्हणाली, "हौ, माझ्याच हातानं झालं."

तुझी शाळा इंग्रजी, तुला मराठी वाचायला वेळ लागतो म्हणून मोठ्या अक्षरात लिहिलंय. अडलं तरी आईकडून वाचून घेऊ नकोस. तिला मलाच सांगायचंय. सकाळपासून दोनदा त्यासाठी स्वयंपाकघरात गेलो आणि दोन्ही वेळा चहा घेऊन परत आलो.

पप्पा