सॅक्सनांच्या घराला माळवद

देगलूर, रविवार, संध्याकाळ

लहानपणी शाळेत पाटीवर पेन्सिलीचा ठेका धरून सगळा वर्ग कविता म्हणायचा, तो आवाज आज पुन्हा कानात आला. बोटाच्या पेराएवढ्या खेळण्यातल्या सॅक्सन शिपायांच्या, म्हणजे जुन्या इंग्लंडातल्या लढवय्यांच्या, ढाली रंगवत बसलो होतो. तेही लढाईआधी अशाच ढाली वाजवत असतील का? थोडा वेळ टेबल दिसेनासं झालं, मी त्यांच्या रणांगणावरच्या धुक्यातच उभा होतो.

पण ते माळवद. गेल्या रविवारी दिगंबरनं मी सॅक्सनांसाठी केलेलं पुठ्ठ्याचं गाव पाहिलं आणि हसतच सुटला. "सॅक्सनांच्या घराला मातीचं माळवद? अरे येड्या, तिथं गवताची छपरं असतात!" मी चिडून म्हणालो, "मग तुझे वायकिंग घेऊन जा घरी." तो खरंच गेला. चाळीस वर्षांपासूनचा दोस्त, वायकिंगांची धाड माझ्या सॅक्सनांवर आणणारा, माझ्याशी खेळणारा एकटाच. माळवदाखालीच वाढलो, घर म्हटलं की माझ्या हाताला माळवदच सुचतं, एवढं तरी त्याला सांगायचं होतं. आता सॅक्सन मांडून लढू कुणाशी?

इतकं लिहिलं आणि कडी वाजली. दारात दिगंबरची बायको, आमच्या सैन्याला कायम 'बाहुल्या' म्हणणारी. काखेत वायकिंगांचा डबा.

"भावजी, ते फुगून बसलेत, येत न्हाईत. मी खेळते. आधी सांगा, ह्यातलं कोण कुणाला मारतंय?"