कारण : मातोश्रींचे निधन

॥ श्री ॥
कोंढा, ता. पवनी
८ ऑगस्ट २०२०

चि. प्रविण यास,
तुझ्या मेलेल्या आईचे अ. उ. आशीर्वाद.

मी मेली हे मले काल दुपारी समजलं. अंगणात दाळ पाखडून राहिली होती, तर पोलीस पाटील भैय्याजी सायकल टाकून धावत आला अन् मले पाहून फाटकातच थांबला. त्याले जिल्ह्याच्या नाक्यावरून फोन आला होता, का सुंदरबाईच्या मयतीले वीसच्या वर माणसं तर नाहीत ना. तो बिचारा उलटा मलेच विचारते, बाई, तुमी बऱ्या आहा ना? मी म्हटलं, सूप हातात घेऊन कोणी मरते का रे बावा?

मग सारं समजलं. नागपूरहून इकडं यायचा पास तू काढला अन् त्याच्यावर कारण टाकलं, मातोश्रींचे निधन. चाल, म्हटलं, निदान लेक तरी घरी येईन. दिवस बुडेपर्यंत वाट पाहिली. संध्याकाळी तुझ्या बहिणीचा, डिंपलचा, भंडाऱ्याहून फोन आला. तिनं तुझ्या बायकोचं, उर्वशीचं, स्टेटस पाहिलं होतं. माझा नातू मोनू तलावात डुंबून राहिला, तू चड्डीवर उभा राहून कोंबडी भाजून राहिला. तलाव कोणता, तं आपल्या घरापासून बारा किलोमीटरवरचा! लाज कशी नाही वाटली रे तुले?

बातमी कारध्यालेही गेली. माझ्या बहिणीनं, देवकानं, सुतकाचं म्हणून डोक्यावरून पाणी घेतलं. रडून रडून बेजार झाली ते.

मार्चपासून, लॉकडाऊन लागलं तवापासून, मी एकटी आहो. पाच महिने तू एकच पाढा म्हटला, आई, पास भेटत नाही. आता कसा भेटला? फोन मी बंद करून पेटीत टाकला, कारण फोनवर तू रेंज नाही म्हणून सटकतेस. तीस वर्षं अंगणवाडीत रजिस्टरं लिहिली, मले लिहिता येते. जवाब कागदावर दे.

कळावे. लोभ ठेवायचा का नाही ते तुझा जवाब वाचून पाहीन.
सुंदरबाई (हयात)


नागपूर
१३ ऑगस्ट २०२०

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. असले टोमणे मारून तुला काय मिळतं माहीत नाही. दोन खोल्यांत पाच महिने कोंडून राहा, मग बोल. मोनूची शाळा मोबाईलवर, माझं ऑफिस जेवणाच्या टेबलावर, आणि उर्वशी भांडी घासता घासता रडायला लागली होती. चार दिवस मोकळी हवा पाहिजे होती, एवढाच आमचा गुन्हा.

आम्ही पंधरा दिवस नकाशा घेऊन बसलो होतो. ताडोबा बंद. पचमढी म्हणजे दुसरं राज्य. उर्वशीचं मन चिखलदऱ्यावर होतं, पण चिखलदऱ्याला आपलं कोणी मरण्यासारखं नाही. फिरायला जायचं म्हणून पास देत नाहीत, आई. आजारपण टाकलं तर डॉक्टरचा कागद मागतात. राहिला आपला भंडारा जिल्हा. ऑफिसातल्या मंगेशचं तिथे तलावाकाठी फार्महाऊस आहे, म्हणून ते ठरलं. फॉर्मवर यादी असते, तिच्यातलं एक कारण निवडावं लागतं. मी काही तुझं वाईट चिंतलं नाही. उलट अशी आवई उठली की माणसाचं आयुष्य वाढतं, असं तूच सांगायचीस.

घरी आलो असतो तर गावानं आम्हाला चौदा दिवस शाळेत डांबलं असतं. शिवाय तुझं वय पासष्ट, तुला काही झालं असतं तर पुन्हा मलाच बोलली असतीस.

आता मुद्द्याचं. भैय्याजीनं नाक्यावर काय सांगितलं? तू जिवंत आहेस हे कळलं तर माझ्यावर गुन्हा दाखल होईल, नोकरी जाईल. त्याला गप्प राहायला सांग. तेवढं तरी कर.

रागासकट लोभ असू द्यावा, ही विनंती.
तुझा
प्रविण


कोंढा
१७ ऑगस्ट २०२०

चि. प्रविण यास,
आशीर्वाद.

चिखलदऱ्यात कोणी मरण्यासारखं नाही म्हणते! वा रे वा. उर्वशीची आई छिंदवाड्याले राहते. पचमढी तिथून किती लांब आहे? तिले काहून नाही मारलं? तिचं नाव तरी काढलं का घरात? नाही काढलं, मी सांगतो. सासूले मारलं तर बायको घरात उभी करणार नाही हे तुले पक्कं ठाऊक. आईले मारलं तर आई काय करते, चार शिव्या देते अन् गप्प बसते.

अन् एक गोष्ट तू लिहिली नाही. जुलैत माझ्या आधार कार्डाचा फोटो मागितला होता. कायले, तं म्हणे काम आहे. मले वाटलं, पोरगा मले नागपूरले न्यायचा पास काढून राहिला. मी पिशवी भरून ठेवली, रे. दोन लुगडी, डोळ्यात टाकायचं औषध, मोनूसाठी पोह्याचा चिवडा. चिवडा मऊ पडला, मग शेजारच्या पोट्ट्यायले वाटून टाकला.

भैय्याजीनं नाक्यावर सांगितलं, मयत झाली, चौदा माणसं आहेत. मीच त्याले तसं सांगाले लावलं. आता तो माझ्या घरासमोरून मान खाली घालून जाते. तुझी नोकरी वाचली. जेव पोटभर.

कळावे. लोभाचं आता विचारू नको.
सुंदरबाई


नागपूर
२ सप्टेंबर २०२०

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. चिवड्याचं वाचून उर्वशीलाही वाईट वाटलं. पण घाव घालायचं तूही सोडत नाहीस.

आजपासून पास बंद झाले. आता कोणाला कारण सांगायची गरज नाही. रविवारी, तेराला, आम्ही तिघं येतो. तुझ्या हातची बेसनाची पाटोडी कर. झालं गेलं विसरून जा, आपण काही परके नाही.

फक्त डिंपलला सांगून ठेव, आमचे तुझ्यासोबतचे फोटो कुठे टाकायचे नाहीत. का ते मागाहून सांगीन.

लोभ असावा.
प्रविण


कोंढा
७ सप्टेंबर २०२०

चि. प्रविण यास,
आशीर्वाद.

पितरपंधरवडा चालू आहे. रविवारी येऊन माझं पान वाढतेस का?

फोटो कायले टाकायचे नाहीत, ते मले ठाऊक आहे. तू सांगू नको, मीच सांगतो. येस्टी सुरू झाली अन् तिले पास लागत नाही असं समजलं. सत्तावीस ऑगस्टले मी पवनीहून नागपूरच्या गाडीत बसली. कंडक्टर बोंबलला, म्हातारे माणसं कायले निघता म्हणून. म्हटलं, लेकाले पाहाले. तुह्यावरचा राग राहिला बाजूले, सहा महिने झाले होते लेकराचं तोंड पाहून.

तुझ्या बिल्डिंगच्या फाटकावर कागद लागला आहे. भावपूर्ण श्रद्धांजली. खाली माझा फोटो, डिंपलच्या लग्नातला, हिरव्या लुगड्यातला. मी वाचत उभी राहिली. तोंडाले पदर बांधला होता, म्हणून वॉचमननं ओळखलं नाही. तो म्हणे, साहेबांच्या मातोश्री वारल्या, साहेब कोणाले भेटत नाहीत. मग विचारलं, तुमी त्यांच्या कोण?

प्रविण, मी तिथं आई म्हटलं असतं तर साऱ्या बिल्डिंगमंधी तुझं नाक कापलं गेलं असतं. मी म्हटलं, कोणी नाही, त्याच्या आईची शेजारीण आहो, मयतीच्या घरी बसाले आली होती. त्यानं रजिस्टर पुढं केलं. मी देवकाचं नाव लिहिलं अन् वापस फिरली. वॉचमन भला माणूस, त्यानं पाणी पाजलं. म्हणे, म्हातारी लई चांगली होती म्हणतात. मी म्हटलं, होती.

येस्टीत बसल्यावर मात्र रडली. तू मले मारलं त्याचं नाही इतकं. आपल्याच तोंडानं आपण मेली म्हणा लागलं, त्याचं रडू आलं.

तो कागद तू लावला नसशीन, पासवरचं कारण ऐकून बिल्डिंगवाल्यायनं लावला असन. पण काढलाही नाही. आता तो आपल्या हातानं काढ अन् त्या वॉचमनले सांग, त्या दिवशी आली होती ते शेजारीण नव्हती, माझी आई होती. एवढं सांगता येत असेल तर ये, दार उघडं आहे. पाटोडीही करीन. नाही सांगता येत, तर मले मेलीच राहू दे.

कळावे.
सुंदरबाई